शेवटच्या शिट्टीपर्यंत

रविवारी सकाळी आम्ही नवराबायकोनी मंडळाच्या कबड्डी टीमच्या जर्स्या पिळल्या. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणे भल्याभल्यांचे घोटे धरायचा. मग हे कापड का सुटतंय हातातून?" गच्चीत वाळत घातल्या, चहा प्यालो. तेवढंच.

मी सातवी शिकलेला माणूस. कंपनीत नोकरी लागली ती कबड्डीवर. डाव्या कोपऱ्यात खेळायचो. गुडघा गेला तसा खेळ सुटला आणि गल्लीतल्या मंडळानं मला टीमचा मॅनेजर केला. मी आल्या आल्या नियम घातला. मॅचच्या आधी सगळ्यांचे फोन एका पिशवीत, माझासुद्धा. घरची वाईट बातमी आली तर शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणाला सांगायची नाही.

तेव्हा पिशवी माझ्याच गळ्यात असायची. एकदा हाफ टाइमला आमच्या चढाई करणाऱ्या गड्याचा फोन वाजला. त्याचा बाप चाकणला कंपनीत मशीनवरून पडला होता. मी ऐकलं आणि फोन परत पिशवीत टाकला. गडी जीव तोडून खेळला, आम्ही जिंकलो. तो दवाखान्यात पोचला तर बाप गेलेला. फोन शिट्टीनंतरच आला, असं मी त्याला सांगितलं. मंडळातले म्हणाले, मॅनेजर असावा तर असा. मीही मिशीवर हात फिरवला. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "ताट घ्या वाढून तुमचं तुम्ही."

त्या रविवारी संध्याकाळी फायनल होती. आता पिशवी मंडळाच्या अध्यक्षाकडं असते. दुसऱ्या हाफला माझा फोन वाजला. शेजारीण हिच्याबद्दल सांगत होती, काकू जिन्यात कोसळल्या, पिंपरीला दवाखान्यात नेतोय. अध्यक्षानं ऐकलं, फोन पिशवीत टाकला आणि लांबून मला अंगठा दाखवला. मला वाटलं पोरं बरी खेळतायत म्हणतोय. मीपण अंगठा दाखवला.

कप घेतला, ढोल वाजला, फोटो झाले, पाहुण्याचं भाषण झालं. मग अध्यक्षानं सांगितलं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारीण म्हणाली, तासभर शुद्धीवर होत्या, सारख्या दाराकडं बघत होत्या.

मी अध्यक्षाची गचांडी धरली. "तुला आई हाय का रं?"

"अण्णा, नियम तुमचा हाय," तो म्हणाला. "आमी फक्त पाळला."

हरामखोर. ते खरं होतं, म्हणून जास्त डोकं फिरलं. अजून फिरतं. भेटायला येणारे म्हणतात, काकूंच्या पुण्याईनं कप आला. कप नेऊन घाला नाल्यात.

लेक यायची होती म्हणून अंत्यविधी दुसऱ्या दिवशी दहाला ठरला. सकाळी सहाला मी बाहेर पडलो. घरात मयत असताना उंबरा ओलांडू नये म्हणून भावकी ओरडली. कासारवाडीला त्या गड्याच्या घरी गेलो. आता तोही पोराबाळांचा बाप झालाय. पहिल्या शिफ्टसाठी पायरीवर बसून बूट घालत होता.

म्हणालो, "तुझ्या बापाचा फोन हाफ टाइमलाच आला होता. मी दाबला."

त्यानं नाडी बांधायचं थांबवलं. "शुद्धीवर होते का तेव्हा?"

"व्हय. तुला बोलवत होते."

तो उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं. एक बूट पायरीवरच राहिला. मी तो दाराशी सरकवून ठेवला आणि हिला उचलायला घरी आलो.