कुबलांच्या मुलीचा रेडिओ

आखातातल्या वादी कबीरच्या त्या इमारतीत सगळ्यांची समजूत होती की कुबलांची रेवा दिवसभर रेडिओ ऐकते. तिच्या कमरेला पेजरएवढी डबी असे, डबीतून एक बारीक नळी निघून कपड्यांत शिरे. कानात मात्र कधी काही नसे. तरी कुणी शंका काढली नाही. रेडिओ असल्याचं खुद्द तिच्या वडिलांनी, देवेश कुबलांनी सांगितलं होतं, आणि गॅरेजच्या फोरमनला यंत्रातलं कळतं असा लोकांचा विश्वास होता.

तो इन्सुलिनचा पंप होता. रेवाला आठव्या वर्षी डायबिटीस निघाला. पोटावर रुपयाएवढी चिकटपट्टी, तिच्याखाली कातडीत गेलेली इवलीशी नळी, तिथून थेंबथेंब औषध. गॅरेजमधल्या निम्म्या यंत्रांपेक्षा हा पंप शहाणा होता. पण देवेशच्या डोळ्यांपुढे आतापासूनच अकरा वर्षांच्या रेवाचं लग्न उभं होतं, आणि त्या चित्रात पंप कुठे बसवायचा ते त्याला सुचत नव्हतं.

२०१४चं विसर्जन. रस्त्यावर मिरवणुकीची सोय नाही, म्हणून मंडळ भाड्याच्या हॉलमध्येच खांबांना वळसे घालत मिरवणूक काढी. रेवा लेझीमच्या पहिल्या रांगेत होती. परकर-पोलक्याच्या मधून नळी दिसते हे ध्यानात येताच देवेशने तिला बाजूला घेतलं आणि पंप काढायला लावला. नाच होईपर्यंतच, म्हणाला.

आंघोळीच्या वेळी पंप काढला की बायको, आकांक्षा, चिकटपट्टीच्या उघड्या तोंडावर आधी प्लॅस्टिकचं झाकण बसवी. ती आत प्रसादाच्या तयारीत होती. तिला विचारलं असतं तर झाकण मिळालं असतं आणि शिव्याही. देवेशने पंप खिशात घातला. गॅरेजात डिझेलची नळी सोडवून तिचं तोंड उघडं ठेवणाऱ्या मेकॅनिकला तो सगळ्यांदेखत फैलावर घेई.

मग गुलाल उधळला गेला. लेझीम झाली, वन्स मोर झाला, अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. पंप लावू का, असं रेवाने दोनदा विचारलं. लोक बघतायत, भाषण संपू दे, असं देवेशने दोनदा सांगितलं. शेवटी खांबाआड लावायला गेला तर चिकटपट्टीच्या तोंडात गुलाल भरलेला, पंप बसेना. त्याने रुमालाने पुसलं. रुमालही गुलालाचा होता. तोवर रेवाने पाण्याची तिसरी बाटली संपवली आणि खांबाशीच ओकली.

आकांक्षा तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. जुनी पट्टी काढून नवी दुसऱ्या जागी बसवायची होती. देवेशने मदतीला हात पुढे केले. ते कोपरापर्यंत लाल.

"तुम्ही नको," आकांक्षा म्हणाली.

तळमजल्यावरच्या वसईच्या रेजिनाबाई हात धुऊन पुढे झाल्या आणि हे काय आहे म्हणून विचारू लागल्या. देवेश सवयीने म्हणाला, "रेडिओच आहे. जरा बिघडलाय."

रेवाने तोंड पुसलं. "रेडिओ नाही, आँटी. इन्सुलिन पंप आहे. मला डायबिटीस आहे. बाबांना लाज वाटते ना, म्हणून आम्ही रेडिओ बोलतो."

तक्रारीचा सूर नव्हता. बाबांना शेंगदाणे चालत नाहीत, असं सांगावं तसं तिने सांगितलं. आकांक्षाने देवेशला दारात उभं राहायला सांगितलं.

मंडळाचे सेक्रेटरी तानाजी घाईघाईने आले. मूर्ती उचलायला माणसं कमी पडत होती. देवेशने थांबायचं कारण इतक्या हळू सांगितलं की त्यांनी कान पुढे केला.

"रेवाला इन्सुलिनचा पंप लावतायत," त्याने पुन्हा सांगितलं. "शुगर आहे तिला."

"बरं बरं. सावकाश या मग," म्हणत तानाजी गेले. तीन वर्षं जपलेल्या गुपिताला गिऱ्हाईक मिळालं नाही.

आत पंपाने बारीक आवाज केला. "लागला," आकांक्षा म्हणाली.

"बाबा, कोण होतं?" रेवाने विचारलं.

"तानाजीकाका," तो मागे न वळता म्हणाला. "सांगितलं त्यांना."

"काय?"

"तेच," देवेश म्हणाला. दाराकडे पाठ करून तो तसाच उभा राहिला.