तुमच्या वहिनीले धक्का लागू देऊ नका

पहिल्या रविवारी माझे दोन गोल झाले आणि घरी आल्या आल्या मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. वय त्रेचाळीस, लग्नानंतर सुटलेला खेळ, डाव्या गुडघ्यात डॉक्टरांनी नव्याने बसवलेलं लिगामेंट, आणि तरी दोन गोल. मला वाटलं, अंगात अजून सगळं शाबूत आहे. दुसऱ्या रविवारी तीन झाले. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण स्वतःचे गोल कोण तपासून बघतं?

मनीषनगरातल्या आमच्या घरापासून फुटबॉलचं ते टर्फ पायी जाण्याइतकं जवळ आहे. हिरवा प्लास्टिकचा गालिचा, चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी, बुटात शिरणारे रबराचे काळे दाणे. माझा नवरा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसची पोरं दर रविवारी सकाळी तिथे खेळतात आणि त्यांच्यात तोही खेळतो. बचावाला उभा राहतो, म्हणजे बहुतेक वेळ उभाच राहतो. मी मात्र खरी खेळलेली आहे. नरखेडकडच्या आमच्या गावात मुलींनी फुटबॉल खेळणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अकरावीला नागपूरच्या होस्टेलवर आले, तेव्हा कॉलेजच्या सरांना टीमसाठी डाव्या पायाने मारणारी मुलगी हवी होती, ती मी निघाले. पुढे लग्न, मुलगी, कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणं, या सगळ्यात बूट कुठे गेले तेही आठवत नाही. मुलगी पुण्याला शिकायला गेली, रविवार रिकामे पडले, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, मलाही घेऊन चल.

तो लगेच हो म्हणाला नाही. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या गिट्टीवर माझी स्कूटर घसरली आणि गुडघा गेला. ऑपरेशननंतर अख्खा उन्हाळा तो मला धरून बाथरूमपर्यंत नेत होता. पाय वाकवायचा व्यायाम करताना मी त्याला नाही नाही ते बोलायचे आणि तो गुपचूप ऐकून घ्यायचा. आता खेळायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यापुढे ते आणखी एक वाक्य बोलले होते, की लिगामेंट पुन्हा तुटलं तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग गुडघा इतका चांगला व्हायचा नाही. मी पहिलं वाक्य घेऊन घरी आले आणि तो दुसरं.

तिसऱ्या रविवारी सगळं उघड झालं. त्या पोरांत एक ताडमाड उंच पोरगा आहे. समोरच्याला आडवं केल्याशिवाय त्याचा रविवार सुना जातो. मी बॉल घेऊन थेट त्याच्यावर गेले. लग्नाच्या पंगतीत वडीलधाऱ्यांना वाट करून द्यावी तसा तो अदबीने बाजूला सरकला. पुढे गोल मोकळा होता. मी बॉलवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले.

"काहून बाजूला झालास?"

तो गडबडला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "दादानं सांगून ठेवलं आहे ना, वहिनी. तुम्ही यायच्या आधीच सगळ्यांले बोलावून सांगितलं. तुमच्या वहिनीले धक्का लागू देऊ नका म्हणे. तुम्हाले माहीत नव्हतं का?"

नव्हतं. माझे पाच गोल होते, आणि ते पाचही मला त्या क्षणी नकोसे झाले. अपमानाने कान तापले. क्लासमध्ये मी आवाज चढवला की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडतात, आणि इथली पोरं मला जपत होती. मी बॉल त्या पोराच्या पायात ढकलला आणि उरलेला वेळ कोपऱ्यात उभी राहिले.

रस्त्यात भांडायला मला आवडत नाही, माझे विद्यार्थी कुठेही भेटतात. घरी येऊन दार लावलं आणि मग विचारलं, "तू मले काय लहान पोरगी समजतो?"

तो खाली बसून बूट काढत होता. "तुले राग येईन हे मले माहीत होतं."

"मग काहून सांगितलं?"

"तू पडली तर उचलाले मीच आहे ना. ती पोरं नाही येत घरी."

"मग नको उचलू," मी म्हणाले. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. पोरांनी त्याचा शब्द धरला होता, आणि मी कितीही सांगितलं तरी ती मला वहिनीच समजणार होती. शब्द त्यानेच मोडायला हवा होता, तोही सगळ्यांसमोर. मी सांगितलं, पुढच्या रविवारी तू माझ्या विरुद्ध खेळायचं आणि माझ्या पायातला बॉल काढून घ्यायचा, जसा इतरांचा काढतोस तसा. नाहीतर माझं खेळणं बंद, कायमचं. तो नाही म्हणाला. मग आठवडाभर आमच्यात दूध आलं का, गॅस लावला का, एवढंच बोलणं झालं. मी जिना चढायला लागले की तो खाली थांबून माझ्या पायाकडे बघत राहायचा, आणि मला त्याचा संताप यायचा. खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. फळ्यासमोर शिकवता शिकवता माझा हात आपोआप गुडघ्यावर जायचा. पण ते त्याला सांगितलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं.

रविवारी तो माझ्या आधी उठून तयार होता. टर्फवर टीम पाडताना समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

पहिल्यांदा बॉल मिळाला तेव्हा मी त्याच्याच अंगावर गेले. तो दोन पावलं आला आणि बाजूला झाला. मी गोलकडे बघितलंही नाही. बॉल त्याच्याकडे ढकलला आणि परत फिरले. आमच्या टीमची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्यांदाही तेच झालं. या वेळी आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "वहिनी, गोल मारा ना, खेळून राहिलो का काय करून राहिलो आपण?" त्याचं बरोबर होतं. दोन माणसांच्या भांडणात दहा जणांची सकाळ वाया चालली होती. जाळीतून ऊन आत आलं होतं आणि पायाखालचं टर्फ तापायला लागलं होतं.

तिसऱ्यांदा मी बॉल घेऊन त्याच्यासमोर उभीच राहिले. चारचौघांत मी त्याला तुम्ही म्हणते, ते त्या दिवशी विसरले.

"ये ना. उभा काय राहतो? येत नसशील तर मी चालली घरी, आणि पुन्हा नाही येत."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गुडघ्याकडे, आणि मग पहिल्यांदाच बॉलकडे. मी उजवीकडे झुकून डावीकडून काढायला गेले. तो आला. त्याचा पाय बॉलवर लागला, त्याची नडगी माझ्या नडगीवर आदळली आणि मी डाव्या अंगावर पडले. पाय माझ्याच खाली दुमडला गेला. तोंडात रबराचे दाणे गेले.

स्कूटरवरून पडले होते तेव्हा गुडघ्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला होता. मी पडल्या पडल्या त्या आवाजाची वाट बघत राहिले. कुणी हललं नाही. तो दोन्ही हात अर्धवट पुढे करून उभा होता. नको उचलू, असं मीच सांगितलं होतं. मी पाय बाहेर ओढला आणि हळूहळू सरळ केला. झाला सरळ. कोपर सोलपटलं होतं, एवढंच.

त्या खेळात पंच नसतो, फाऊल झाला की नाही हे पडणाऱ्यानेच सांगायचं असतं. उंच पोराने घाबरत विचारलं, "फाऊल ना, वहिनी?"

"नाही," मी म्हणाले. "त्याचा पाय पहिले बॉललेच लागला. तुमचा बॉल आहे."

मी उठले. पोरांनी श्वास सोडला, कुणीतरी बॉल आणायला धावलं. नवरा मात्र कडेला जाऊन जाळी धरून उभा राहिला होता, आमच्याकडे पाठ करून. मी जवळ गेले तेव्हा तो वळला. तोंड पांढरं पडलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी मी आत होते. बाहेर तो कसा बसला असेल, हा विचार मला कधी शिवलाही नव्हता. ते मला त्या सकाळी दिसलं.

"झालं ना आता?" तो म्हणाला. "आता ती पोरं घेतील तुझा बॉल. मी पुन्हा नाही घेणार. मले पुन्हा सांगू नको."

"नाही सांगणार," मी म्हणाले. आठवडाभर धरून ठेवलेला राग माझ्या हातात राहिलाच नाही.

आता मला कुणी वाट देत नाही. उंच पोराने त्याच दिवशी खांदा मारून मला जाळीवर नेलं आणि मग बराच वेळ सॉरी सॉरी करत राहिला. हल्ली सॉरीही म्हणत नाही. गोल महिन्यातून एखादा होतो. टीम पाडायच्या वेळी नवरा माझ्या बाजूला येऊन उभा राहतो आणि त्याबद्दल आता कुणी विचारत नाही. बॉल पायात असला की मागून कोण धावत येतंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्या टीमच्या माणसाने "पीछे" असं ओरडून सावध करायचं असतं. त्याचा आवाज सगळ्यांच्या आधी येतो. बरेचदा मी घाईने बॉल देऊन टाकते, वळून बघते, तर मागे कुणीही नसतं. मी त्याला काही म्हणत नाही.