वहिनीने बसवलेला कंपायलर

हवामान कार्यालयाच्या सर्व्हर-खोलीत ती म्हणेल ती पूर्वदिशा. धाकट्या दिराला तिनेच शब्द टाकून तिथे चिकटवलं होतं. तो दिवसभर 'वहिनी, वहिनी' करायचा, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारं साधन. अंदाज काढणारा प्रोग्रॅम जुनाट, रोज पहाटे नव्याने मशीनच्या भाषेत उतरवून चालवायचा. त्याला सिस्टिमसोबत आलेला जुना कंपायलरच चालायचा. दिराच्या नकाशांच्या कामाला मात्र नवा हवा होता. तिने जुन्याला हात न लावता नवा वेगळ्या फोल्डरमध्ये बसवून दिला.

"हवा तेव्हा ही कमांड देऊन याला बोलवायचं. जुन्याच्या जागी बसवायचं नाही हं, भाऊजी."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का, वहिनी?"

पुढे तिच्या आईचं ऑपरेशन निघालं, तिने रजा घेतली. मागे काही अडू नये म्हणून दवाखान्यात आईच्या उशाशी बसूनच तिने फोनवर दिराला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड सांगितला. घरचाच माणूस, त्यात विचार कसला करायचा?

रजा संपवून ती आली तर ऑफिसात सगळे तिच्याकडे टकामका बघताहेत. आदल्या पहाटे अंदाज निघालाच नव्हता. इशारा न मिळाल्याने मच्छीमारांच्या होड्या वादळी वाऱ्यात सापडल्या आणि कशाबशा किनाऱ्याला लागल्या.

"नवा कंपायलर कोणी बसवला?" साहेबांनी विचारलं.

"मी. पण तो वेगळा..."

"मी नकोच म्हणत होतो, सर," दीर मान खाली घालून म्हणाला. "वहिनींनी ऐकलं नाही."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मशीनवर बसून पाहिलं, तर जुन्याच्या नावावर नवा जोडून दिलेला. दिराला रोज कमांड देण्याचा कंटाळा, दुसरं काय! जुना प्रोग्रॅम त्यावर अडून बसला होता. तिने जोडणी पूर्ववत केली, अंदाज सुरू झाला. पासवर्ड दोघांकडेच होता, हेही तिने सांगितलं. साहेब म्हणाले, "घरची भांडणं घरी मिटवा," आणि सर्व्हर-खोलीची किल्ली मागून घेतली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चहाच्या कपात बघत राहिला. दर वेळी चिडून उठणारा माणूस इतका गप्प कसा?

"तुला माहीत होतं?"

"कालच रडत आला होता तो. अजून कायम झालेला नाही गं. तुझी नोकरी पक्की आहे, तुला कोण काढतंय? मीच म्हटलं, वहिनी सांभाळून घेईल."

"मला विचारलं असतंस तर कदाचित घेतलंही असतं."

तिने चार कपडे पिशवीत कोंबले आणि आईचे टाके निघायचे आहेत असं सांगून माहेर गाठलं.

टाके निघाले तरी ती परतली नाही. मग एका रविवारी नवरा न्यायला आला.

"झालं गेलं विसर ना आता."

"साहेबांसमोर खरं बोलला का तो?"

"ते कसं जमेल? आता कुठे कायम झालाय."

तिने दार लावून घेतलं. आतून आईने विचारलं, "कोण गं?"

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि दाराला पाठ लावून तिथेच खाली बसली.