आईला उल्हासनगर मानवलं नाही, असं मी म्हणालो

बदलापूर गावातून मी निघालो तेव्हा आईनं तीन दिवस पुरतील एवढ्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. जायचं होतं उल्हासनगरला, मध्ये फक्त अंबरनाथ. पण वस्तीतून कारखान्याच्या नोकरीला बाहेर राहायला जाणारा मी पहिलाच, म्हणून टांग्यापर्यंत सगळे आले. आईनं टांगेवाल्याला जयभीम केला आणि म्हणाली, "जपून ने रे, लांब चाललाय." टांगेवाला हसला, मीही हसलो. थोरला भाऊ तेवढा हसला नाही. आईजवळ आता आपण एकटेच, हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

जे वस्तीत राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पात खोली घेताना घरमालकिणीनं आडनाव विचारलं. ती सिंधी, विधवा, फाळणीत घरदार मागे टाकून आलेली. मी खरं आडनाव गिळलं आणि बदलापूरकर म्हणालो. गावाचं नाव लावलं की पुढे कुणी काही विचारत नाही, हे कारखान्यातल्या एकानं शिकवलं होतं. तिला खरं सांगितलं असतं तर कदाचित समजलं असतं. मी तशी संधीच दिली नाही.

मुलगा झाला तेव्हा बाळंतिणीच्या मदतीला आई आली. आल्या आल्या मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, इथे कुणाला जयभीम करू नकोस, नमस्कार म्हण. दीक्षा घेतल्यापासून भेटेल त्याला ती तेच म्हणत आली होती. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "ते म्हनायचं नाय, तर मंग मी कायच नाय म्हनत."

आणि खरंच म्हणाली नाही. घरमालकीण समोर आली की नुसती मान हलवायची. त्या बाईचा समज झाला की म्हातारीला ऐकू येत नाही. ती पापड आणि पाणी घेऊन यायची आणि आईच्या कानाशी ओरडायची, "माताजी, पापड खाओ!" आई निमूट पापड खायची. बाई गेली की सुनेपुढे तिची नक्कल करायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. मीही हसायचो. आपण बोलक्या आईला बहिरी करून ठेवलंय, हे काही मला तेव्हा टोचलं नाही.

बारसं झालं आणि ती गेली. पुन्हा ये, असं मी कधी म्हटलं नाही. मीच अधूनमधून जायचो, साडी द्यायचो, परत यायचो. भावानं आणि वहिनीनं तिला शेवटपर्यंत सांभाळलं.

आता भाऊही नाही. त्याची नात प्राजक्ता डॉक्युमेंटरी करतेय: वस्तीतून बाहेर पडलेल्यांनी आडनावं का बदलली, भिंतीवर कुणाचे फोटो लावले, कुणाचे नाही लावले. माझ्या उल्हासनगरच्या फ्लॅटमध्ये लाइट लावून तिनं विचारलं, पणजी तुमच्याकडे का राहिली नाही? मी झटकन म्हणालो, "तिला उल्हासनगर मानवलं नाही. इथलं पाणी, गर्दी. हट्टी होती."

वस्तीतल्या बुद्धविहारात दाखवायच्या आधी फिल्म तिनं बदलापुरात, शिरगावच्या भावाच्या घरी टीव्हीवर लावली. आम्ही जेवत होतो. माझं वाक्य आलं तशी घरातली पोरं हसली, पणजी भारीच हट्टी होती म्हणाली. पुढे आईला पाहिलेलं कुणी उरलं नाही तरी ही फिल्म हेच सांगत राहणार होती. मी ताट सारलं आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

प्राजक्ता म्हणाली, "आजोबा, हे परत शूट करता येईल. पण नीट ठरवा. अख्खी वस्ती बघणार."

वहिनीनं ताट पुन्हा माझ्यापुढे सारलं. मग म्हणाली, "भावजी, आत्याबाई परत आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं सगळ्यांना. तिथलं पाणी बाधतं म्हणून."

म्हणजे माझं खोटं आईनं माझ्याआधीच बोलून ठेवलं होतं, वस्तीनं मला नावं ठेवू नयेत म्हणून. त्यांनी झाकलं ते तुम्ही कशाला उघडता, असं वहिनीचं म्हणणं. क्षणभर मला पटलंही. पण मला झाकता झाकता ती स्वतः हट्टी ठरली होती. आणि प्राजक्ताच्या मैत्रिणीला परवाच बदलापुरात फ्लॅट बघताना ब्रोकरनं दोनदा आडनाव विचारलं होतं. मी प्राजक्ताला म्हणालो, "लाव माइक."

विहारात फिल्म लागली तेव्हा मी दारात चपलांपाशी उभा राहिलो, वेळ आलीच तर निघता यावं म्हणून. पापडाची गोष्ट आली तेव्हा सगळे खळखळून हसले. मग पडद्यावरचा मी म्हणालो, "ती हट्टी नव्हती. मीच तिला ठेवून घेतलं नाही." कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतून वहिनीनं मागे वळून मला शोधलं, शेजारणीला सरकायला लावलं आणि सतरंजीवर हात आपटला.

"भावजी, उभे काय राहिलात पाव्हण्यासारखे? बसा."

उल्हासनगर माझं घर आहेच. पोरं तिथे वाढली, बायको तिथेच गेली. पण तिथे मी आयुष्यभर कुणी काही विचारेल म्हणून दबकत वागलो. सतरंजीवरची ती हातभर जागा मात्र मला सगळं ऐकून झाल्यावर मिळाली होती. मी जाऊन बसलो. आता कुणी घर कुठलं विचारलं, तर आधी तीच जागा डोळ्यांसमोर येते.