ह्यांच्या वाट्याचं वचन

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेनंतर वचनांची डबी फिरते. दिल्लीत आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं मोजकीच. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी, नाहीतर एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये आमचं मंडळ जमतं. पण ही डबी मात्र कधी चुकत नाही. तिच्यात शास्त्रातल्या एकेका वचनाची छोटी कार्डं असतात. घरातल्या बाईने डोळे मिटून एक उचलायचं, आणि निघेल ते त्या घराचं वर्षभराचं वचन. त्या वर्षी मला निघालेल्या वचनाचा अर्थ असा होता, की कुठलीही पीडा तुमच्या घराजवळ फिरकणार नाही. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी ते फ्रीजच्या दारावर लावलं आणि, खरं सांगते, विमा उतरवल्यासारखी निर्धास्त झाले. होळीच्या आधी एका सकाळी ह्याच फ्रीजमधून दूध काढायला गेलेले आमचे हे तिथेच कोसळले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

त्यांच्या हातातल्या बाटलीतलं दूध फरशीभर पसरलं होतं आणि वर ते कार्ड तसंच होतं. ॲम्ब्युलन्सची वाट बघताना मी ते टराटरा फाडलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

हे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. ऑफिसात शब्द मोजून मापून बोलणारा माणूस, पण संध्याकाळी ठरल्या वेळी शास्त्र वाचायला बसला की आवाज असा मोकळा लागायचा, की वरच्या मजल्यावरचे बंगाली शेजारी म्हणायचे, आपल्या घड्याळापेक्षा हे बरे. आम्ही मूळचे नगरकडचे. सासऱ्यांच्या घरातली रीत इथेही चालू राहिली होती. जेवणाआधी सगळ्यांनी बसायचं आणि एकेक वचन पाळीपाळीने वाचायचं. पहिलं माझं, मग ह्यांचं, मग स्नेहलचं. आमची लेक दिल्लीत वाढलेली, जोडाक्षर आलं की तिची गाडी अडायची. मग हे काही न बोलता पानावर त्या ओळीखाली बोटाने दोनदा ठोकायचे. म्हणजे, थांबू नकोस, वाच. ती नोकरीला गुडगावला गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, तरी पाळी मोडली नाही. एक माझं, एक ह्यांचं.

त्या माणसाची वाचा जावी? डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा, बोलणं कदाचित येईल, कदाचित नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा. मी बोलत राहिले खरी, पण त्यांच्याशी कमी आणि वर बघून जास्त. एवढ्या मोठ्या दिल्लीत दिवसभर शिव्या देणाऱ्या जिभा आहेत, खोटी साक्ष देणाऱ्या आहेत, दुसऱ्याच्या घरात काड्या घालणाऱ्या आहेत. त्या सगळ्या सोडून तुला हीच सापडली? जी रोज तुझंच लिहिलेलं वाचत होती? ह्याला प्रार्थना म्हणतात की भांडण, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला दुसरी येत नव्हती.

आणि त्यात फोन. रोज सकाळी उजाडायच्या आत आमच्या मंडळाच्या ग्रुपवर फुलं, कबुतरं, उगवता सूर्य, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत आजचं वचन. खाली दहा जणांचे जोडलेले हात. 'धीर धरा ताई.' 'देवाची योजना असते.' 'तो सगळं भल्यासाठीच करतो.' ह्यातलं एकही माणूस माझ्या जागी वॉर्डात घटकाभर बसायला आलं नाही, की मला अंघोळीपुरती घरी जाता यावं. वचन पाठवायला अंगठा लागतो, बसायला वेळ लागतो. वचनं खोटी आहेत असं मला म्हणायचं नव्हतं. पण उपाशी माणसाच्या दारात जेवणाचा फोटो टाकून जावा, तसं वाटायचं मला ते. राग राग व्हायचा नुसता.

यायच्या त्या एक साळवेबाई, आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी. बाई मनाने वाईट नव्हेत, पण त्यांना दुःख दिसलं की लगेच त्यावर काहीतरी चिकटवायची घाई. एका दुपारी आल्या त्या पर्समधून डबीच घेऊन.

"काढ एक," त्या म्हणाल्या. "ह्या प्रसंगासाठी देव तुला काय सांगतोय ते कळेल."

"साळवेबाई, मागचं काढलं होतं ते फाडलं मी."

"अगं, असं बोलू नये. श्रद्धा कमी पडली की असं होतं."

माझ्या तोंडावर जे आलं ते मी गिळलं, कारण हे बघत होते. ह्यांना सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. साळवेबाईंनी मग स्वतःच डोळे मिटले, माझ्या नावाने एक कार्ड काढलं, ह्यांच्या उशाला पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलं आणि घाईत निघून गेल्या. त्यावर होतं की देवाची दया रोज सकाळी नवी असते. फिकट निळ्या कार्डावर गवताचं पातं आणि दवाचा थेंब.

रोज सकाळी! त्या वॉर्डातली सकाळ मला विचारा. फिनाइलचा वास, बदलायच्या चादरी, आणि आज तरी माझ्याकडे बघून हाक मारतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे लावलेले डोळे. मी स्नेहलला फोन केला.

"घरातलं मोठं बायबल घेऊन ये."

"मम्मा, आर यू शुअर? तू तर बोललीस, आता नाही वाचायचं म्हणून."

"वाचायला नकोय. हे वचन लिहिणारा एवढा सुखी माणूस कोण होता, ते बघायचंय मला."

ती मेट्रोने घेऊन आली. कार्डाच्या कोपऱ्यात अध्याय दिला होता, तो मी काढला आणि आरंभापासून वाचायला लागले. हा माणूस सुखी नव्हताच. त्याचं शहर जळून गेलेलं, आणि तो देवावर असा तुटून पडलेला, की माझी भांडणं त्याच्यापुढे पोरखेळ. देव माझ्यासाठी दबा धरून बसलेलं अस्वल झालाय, म्हणतो. मला भिंतीत कोंडलंय, मी ओरडतो तर माझी प्रार्थना बाहेरच अडवतो. ओळीमागून ओळी हेच. दवाचा थेंब येतो तो कितीतरी पुढे. कार्ड छापणाऱ्याने मधली एक ओळ तेवढी कातरून घेतली होती आणि सगळा आकांत टाकून दिला होता. मला त्या कार्डवाल्याचा भयंकर संताप आला, आणि त्याच वेळी, किती दिवसांनी, कोणीतरी माझ्याशेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून रोज दुपारी भेटायच्या वेळेत मी तो अध्याय ह्यांच्यापाशी मोठ्याने वाचू लागले. वाचू कसली, देवाला ऐकवू लागले. पण गोड ओळ जवळ आली की पुस्तक मिटायचे. तेवढं मी म्हणणार नव्हते. माझा माणूस मुका पडलेला असताना ते माझ्या तोंडून वदवून घेणं मला मान्य नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे सरदारजी होते, आणि त्यांच्यापाशी त्यांची बहीण. करोल बागेत कापडाचं दुकान चालवलेली बाई, आवाज खणखणीत. वॉर्डातले सगळे त्यांना आंटीच म्हणायचे. एका दुपारी त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"बहनजी, ये भजन तो नहीं लगता. रोज़ किसको डाँटती हो आप?"

मी सांगितलं, आमच्या शास्त्रातलं आहे, एक आदमी भगवान से लड़ रहा है.

"भगवान से? और ये किताब में छपा है?"

"छपा है."

"अच्छा!" त्या खुश होऊन खुर्ची सरकवून जवळच आल्या. "फिर तो बढ़िया है जी. यहाँ जो आता है, सब अच्छा होगा, सब अच्छा होगा. मेरा तो सिर पक गया. घर में भी आप ही पढ़ती हो?"

मग मी त्यांना आमची पाळीची रीत सांगितली. एक मी, एक हे. आंटींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे.

"तो अब इनकी बारी भी आप ही पढ़े जा रही हो?"

"आंटी, ये बोल नहीं सकते."

"वो तो मुझे भी दिखता है. पर बारी तो इनकी है ना. आप क्यों खा जाती हो?"

मला इतका राग आला, की कान गरम झाले. ओळख ना पाळख, आणि मला शिकवतेय! दाखवतेच हिला, म्हटलं. पुढचं वचन माझ्या पाळीचं होतं, देवाने मला कडूपणाने भरून टाकलं असं काहीतरी. ते मी वाचलं आणि पुस्तक ह्यांच्या छातीशी, त्यांना दिसेल असं धरून थांबले. बघा, म्हटलं आंटींना मनातल्या मनात, बघा आता काय होतं ते. काही होणार नव्हतंच.

हे पानाकडे बघत राहिले. डावा हात हलला. ओठ जुळायला लागले, सुटले, पुन्हा जुळले. घशातून एक खरखर आली. माझा हात अवघडला, तरी मी पुस्तक खाली घेतलं नाही. आणि मग जाडसर, ओला, पण स्पष्ट आवाज आला.

"खडे."

मी पानाकडे पाहिलं. ह्यांच्या पाळीचं वचन होतं, की देवाने खडे चारून माझे दात पाडले.

"बोले ना? क्या बोले?" आंटी उठून उभ्या राहिल्या होत्या.

मला हसू येत होतं की रडू, कळेना. भातात दाताखाली खडा लागला की नेमका तोच शब्द म्हणून माझ्याकडे रोखून बघायचे हे. आज तसेच बघत होते. मी कसंबसं पुढचं माझं वचन वाचलं आणि थांबले. त्यांच्या पाळीला या वेळी नुसता आवाज आला, शब्द नाही. तरी थांबले. पुन्हा माझं, पुन्हा त्यांचं. असं करता करता त्यांची एक पाळी संपली आणि माझी नजर खाली गेली. पुढची ओळ तीच होती, कार्डावरची. आणि ती माझ्या पाळीची होती.

मी गप्प बसले. हट्टाने बसले म्हणा. तेव्हा ह्यांनी डावा हात ओढत पानापर्यंत आणला आणि त्या ओळीखाली बोटाने ठोकलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. स्नेहल अडली की ठोकायचे तसं.

मी वाचलं. रडत, अडखळत, पोरीसारखी अक्षरं लावत वाचलं, की तुझी दया रोज सकाळी नवी होते.

संध्याकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं कधीकधी असं आधी परत येतं, बघितलंय आम्ही. येत असेल. मी वाद घातला नाही. मी एवढंच जाणते, की माझ्या रागाला त्या दिवशी कोणी गप्प केलं नाही, त्याला सोबत घेऊनच मला त्या ओळीपर्यंत नेलं. आणि न्यायला पाठवलं ते आमच्या मंडळातल्या कोणाला नाही, करोल बागेतल्या एका आगाऊ बाईला. सरदारजींना घरी सोडलं त्या दिवशी तिने ह्यांना बजावलं, "भाई साहब, अपनी बारी मत छोड़ना." तिचं नावही मी विचारलं नाही.

पुढे आम्ही मंडळात पुन्हा जायला लागलो. साळवेबाईंनी उभं राहून साक्ष दिली, की आपल्या बंधूंच्या तोंडून निघालेला पहिला शब्द 'दया' होता. सगळे "आमेन" म्हणाले. मी उठले.

"दया नाही. खडे. पहिला शब्द 'खडे' होता."

"अगं, पण साक्षीत खडे काय सांगायचे?" त्या कुजबुजल्या.

"तेच सांगायचे. तेच कातरून टाकता तुम्ही."

माझा आवाज चढला होता हे खरं. पण पुढच्या आठवड्यात साळवेबाई संध्याकाळी आमच्या घरी आल्या, डबी न आणता, आणि आमच्याबरोबर पाळीने वाचायला बसल्या. ह्यांच्या पाळीला त्याही थांबल्या. दोनदा त्यांचे ओठ मदतीला हलले, दोन्ही वेळा त्यांनी पदराने तोंड पुसल्यासारखं करून आवरलं.

मी ह्यातून काय शिकले, तर मोठं काही नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, विश्वास म्हणजे चांगली वचनं घट्ट धरून ठेवणं. आता अख्खा अध्याय वाचते, कडू असलं तरी. आणि माझं म्हणून झालं की थांबते. देवाशी बोलतानाही मी त्याची पाळी खात होते, विचारायचे मीच, उत्तर द्यायचे मीच, आणि त्या उत्तरावर चिडायचेही मीच. चिडते अजून. ह्यांचा उजवा हात लुळाच आहे, त्याबद्दल तर रोज चिडते. पण देवासमोर बसून चिडते, आणि पुस्तक उघडं ठेवते. तो तसं चिडू देतो, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

रोज संध्याकाळी ताटं मांडलेली असतात, वरण निवत असतं. हे एक वचन म्हणायला कधीकधी इतका वेळ घेतात, की स्नेहल आलेली असेल तर माझ्याकडे बघून डोळे मोठे करते. मी तिला हाताने खुणावते, थांब, पप्पांची पाळी आहे. आम्ही थांबतो. शब्द येतो, किंवा नुसता आवाज येतो. मग त्यांचं बोट पानावर ठोकतं, आणि पुढचं मला वाचावं लागतं.