नाक्यावर मी नव्हतो

जाफन्यात मी शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या सैन्याचे कांदे-बटाटे सांभाळत होतो. श्रीलंकेची यादवी मी कानांनी ऐकली. डोळ्यांनी पाहिली ती कोंब फुटलेली पोती. एवढंच खरं आहे.

मुलाकडे परदेशात, हॉर्नबीला राहायला आलो, तर पहिल्याच गणपतीत इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठेवला. निवेदकाने शाल पांघरता पांघरता मला ‘जाफन्याचा नाका सांभाळणारे मेजर’ करून टाकलं. मी भांडारातला कारकून. दुरुस्ती करायला माईक हातात होता. पण समोर दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती, आणि तोवर माझ्या आसपास टाळ्या वाजल्या त्या डास मारायला. मी नारळ घेतला आणि नाक्यावरचे दोन प्रसंगही ऐकवले.

कोपऱ्यावरच्या डेअरीचा मालक जाफन्याचा तमिळ. सुनेने दूध आणताना कौतुकाने त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं, चहा दिला. त्याचा थोरला भाऊ त्या दिवसांत सायकलवर रॉकेल आणायला गेला, तो परतलाच नाही. कुणी नेला, कुणालाच ठाऊक नाही.

“तुमच्या नाक्यावरूनच जायचा, सर. हिरवी सायकल. आठवतो का?”

आठवायला मी तिथे असायला हवा होतो. पण तो ‘सर’ म्हणत होता. मला त्याची दया आली, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. म्हणालो, “हो, अडवला होता. मीच सोडला त्याला.”

पंधरा दिवसांनी त्याचा चेहरा उतरलेला. जाफन्यात त्याची म्हातारी आई एकटी असते. ती इकडे यायला तयार झाली होती, कागदपत्रंही झाली होती. आता नको म्हणत होती.

“तुम्ही सोडलात म्हणजे तो कुठेतरी आहे, म्हणते. घराला कुलूप लावणार नाही.”

माझी अन्नावरची वासना उडाली. दोन दिवस जेवलो नाही; तिसऱ्या दिवशी पुरणपोळी होती, म्हणून जेवलो. मग सुनेला खरं सांगितलं.

“बाबा, आत्ताच्या आत्ता जा,” ती म्हणाली. “आणि बसू नका. उभ्यानेच सांगा.”

उभ्यानेच सांगितलं.

“मग तिथे काय करत होतात?” त्याने विचारलं.

“सडके कांदे निवडत होतो.”

तो हसला नाही. त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. “हिला सांगा.”

मी इंग्रजीत एकेक वाक्य बोललो, तो तमिळमध्ये सांगत गेला. मी तुमच्या मुलाला पाहिलं नाही. मी खोटं बोललो. म्हातारीने शांतपणे ऐकलं आणि काहीतरी विचारलं.

“विचारते, हे बोलायला तुम्हाला कुणी धमकावलं का? घाबरू नका म्हणते. तिच्या मुलाला सोडलंत, देव तुमचं भलं करील.”

ती आलीच नाही. सहा महिन्यांनी डेअरी विकून तोच तिच्याकडे राहायला गेला.

मंडळाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून हे लिहून काढलं. डेअरीला आता नवा मालक आहे. सून त्याला माझ्याबद्दल काही सांगेल या भीतीने हल्ली दूध मीच आणतो.