सुमनची बोटं

सुमनची बोटं रंग बदलायची. थंडीत सकाळी ओल्या फडक्यातली शेवंती बाहेर काढली की टोकं पांढरीफटक पडायची, चुन्यात बुडवल्यासारखी. मग निळी. ऊब लागली की लालभडक, आणि तेव्हा ठणकायची. सुमन माझी बायको. महाल भागात देवळाशेजारी बसून हार करून विकायची. मी लकडगंजात लाकूड चिरायच्या आरा मशीनवर होतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी घाबरलो. "काहून वं, बोटातलं रक्त कुठं गेलं?"

"गावाले गेलं. येईन चहाच्या टायमाले," ती म्हणाली. असंच बोलायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कातडीत रक्ताच्या बारीक, केसासारख्या नळ्या असतात. गार लागलं की त्या सगळ्यांच्याच आकसतात, आतली ऊब आत राहावी म्हणून. उन्हाळ्यात फुलतात, म्हणून मे महिन्यात आपली तोंडं लाल होतात. हिच्या जरा जास्तच आवळतात. गार पाण्यात हात घालू नका म्हणाल्या. सुमन म्हणाली, "मॅडम, सुकलेली फुलं देव घेईन, गिऱ्हाईक नाही घेत."

आमच्या वैशालीला पाहायला पाहुणे आले, ते ऐन थंडीत आणि सांगितल्या वेळेच्या आधी. सुमननं घाईत नळाखाली पेले विसळले आणि ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं तिची पांढरी बोटं पाहिली आणि पाण्याचा पेला तोंडाला न लावता खाली ठेवला.

"ताई, हे कोड हाय का?"

आईला कोड असलं की आमच्यात पोरीचं लग्न मोडतं. मी उठलोच होतो भांडायला. सुमननं डोळ्यांनी बसवलं. बाईंच्या पुढ्यात बसून हात पसरले. "पाहून घ्या जी. कोड असंन तर असंच राहीन." मग बोटं काखेत दाबून बसली. वैशाली दारात साडीचा पदर पिळत उभी.

हात बाहेर काढले तेव्हा बोटं निळी होती. बघता बघता लाल झाली. बाईंनी ती आपल्या हातात घेतली. "अवं माय, किती गार वं!" आणि चोळायलाच लागल्या. लग्न ठरलं. आत जाऊन सुमन रडली. सगळ्यांना वाटलं, पोरगी जाणार म्हणून. रडत होती ती बोटं ठणकत होती म्हणून. मला माहीत होतं.

या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, कोरोनात सगळ्यांनी पाहिला तोच. मशीन आकडाच दाखवेना. नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, आजीचे हात गार आहेत, मशीन पकडत नाही." मी तिचा हात माझ्या स्वेटरात घेतला. आकडा आला. मग मी हात सोडलाच नाही. चहा घेतला तो डाव्या हातानं. तिनं एकदा डोळे उघडले. "तुमचा हात सुन्न पडंन जी," म्हणाली. त्यानंतर बोलली नाही.

दुपारी आकडा गेला. मला वाटलं, पुन्हा गार पडली असेल. मी चोळत राहिलो. डॉक्टर आले, छातीला नळी लावून ऐकलं, डोळ्यात बॅटरी मारून पाहिली. नर्सबाईंनी चिमटा काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, सोडा आता."

मी म्हणालो, "थांबा जी. तुमाले माहीत नाही, हिच्या बोटाले वेळ लागते."